‘तुम्हाला हा अधिकार नाही’

देरातल्या अल रिग्गाच्या मागच्या गल्लीत माझं घर आहे. विमानतळ इतका जवळ की, गच्चीवर कपडे वाळत घालताना विमानाच्या पोटावरची अक्षरं वाचता येतात. चौदा वर्षं झाली इथे. गावी चिपळूणला कुणी विचारलं, ‘दुबईत काय करतोस?’ तर पूर्वी मी ‘सॅपमध्ये आहे’ असं सांगायचो. समोरचा मान डोलवायचा, पण त्याला काही कळलेलं नसायचं. आता सरळ सांगतो, ‘मी किल्ल्या सांभाळतो.’

हे खरंच आहे. आमची कंपनी बांधकामाला लागणारं विजेचं सामान विकते आणि ते बसवून देण्याची कंत्राटंही घेते. खरेदी, गोदाम, बिलं, पगार असा सगळा कारभार सॅप या सॉफ्टवेअरवर चालतो. जर्मनीत १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी सुरू केलेली ही कंपनी. आज आखातात मोठ्या आणि मध्यम कंपन्यांत तिचं सॉफ्टवेअर जागोजागी दिसतं. या सॉफ्टवेअरमध्ये कुणी कुठलं दार उघडायचं आणि कुठल्या दाराशी थांबायचं, हे ठरलेलं असतं. कुणी अडलं की पडद्यावर संदेश येतो, ‘तुम्हाला हा अधिकार नाही.’ आणि मग माझा फोन वाजतो.

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा गणेशोत्सव २७ ऑगस्टला, बुधवारी होता. माझं तिकीट २६ च्या पहाटे चारचं होतं. सोमवारी संध्याकाळी बॅग भरून झाली होती. बायको आणि मुलगा आधीच गावी पोचले होते. नाइफच्या बाजारातून पुतण्यांसाठी घड्याळं घेतली होती, आईसाठी केशर आणि सुके अंजीर. रात्री साडेआठला फोन वाजला. पगार विभागातली चेची होती. ती केरळातली, त्रिशूरची. वयाने माझ्याहून मोठी, म्हणून सगळं ऑफिस तिला चेची म्हणतं.

“भाई, मेरा पगार का फाइल में आदमी कम आता है,” ती म्हणाली.

पिवळा संदेश

इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, पण गावी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. अमिरातीत कामगारांचा पगार रोखीने पाकिटात घालून देण्याचे दिवस गेले. २००९ पासून वेतन संरक्षण प्रणाली आहे. कंपनीने प्रत्येक कामगाराची रक्कम लिहिलेली फाइल ठरलेल्या नमुन्यात बँकेकडे किंवा एक्स्चेंज हाउसकडे द्यायची आणि पगार त्याच मार्गाने जायचा. कोणाला किती मिळाले, कोणाला मिळाले नाहीत, हे कामगार मंत्रालयाला दिसतं. पगार फार लांबला तर कंपनीचे नवीन परवाने अडकतात. कामगाराचं काय अडकतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. गावचा हप्ता, मुलीची फी, बापाची औषधं.

चेचीकडे मागच्या महिन्यात ४१२ माणसं होती. या वेळी ३४९. ती आकडा डायरीत लिहून ठेवते, जुनी सवय. संगणकाने तिला काही अडवलं नव्हतं. लाल संदेश नाही, काही नाही. फाइल तयार झाली होती. फक्त खाली एक पिवळी ओळ होती, की अधिकाराअभावी काही कर्मचारी क्रमांक वगळले आहेत.

आमच्या धंद्यातला सर्वांत घातक संदेश हाच. लाल संदेश आला तर माणूस थांबतो, बोंब मारतो. पिवळा आला तर पुढे जातो. त्या रात्री चेचीने आकडा ताडून पाहिला नसता, तर ३४९ जणांचा पगार झाला असता आणि ६३ जण महिनाअखेरीला एटीएमपुढे उभे राहून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कार्ड घालत बसले असते.

मी टॅक्सी केली नाही. ऑफिस पोर्ट सईदला आहे, चालतच गेलो. ऑगस्टच्या उकाड्यात पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

दार, किल्ली आणि नातूर

हे अधिकाराचं प्रकरण काय असतं, ते आमच्या इमारतीवरून सांगतो. खाली नातूर बसतो. वॉचमनला इथे नातूर म्हणतात. तो मला ओळखतो, म्हणून आत सोडतो. ही झाली ओळख. पण ओळखतो म्हणून गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीची किल्ली तो मला देत नाही. ती फक्त लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला. हा झाला अधिकार. निम्म्या तक्रारींत लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. पासवर्ड चुकून खातं बंद झालं असेल, तर तो ओळखीचा प्रश्न. आत आलात पण काम होत नाही, तर अधिकाराचा. आणि महिन्याचा हिशेब लेखा विभागाने बंद केल्यामुळे नोंद होत नसेल, तर तो दोन्ही नाही. तिथे मला फोन करून उपयोग नाही.

सॅपमध्ये किल्ल्या सुट्या देत नाहीत, जुडग्यात देतात. जुडग्याला ‘रोल’ म्हणतात. खरेदी कारकुनाचा रोल, गोदामवाल्याचा रोल, पगाराचा रोल. प्रत्येक किल्लीवर बारीक अक्षरांत अटी कोरलेल्या असतात. नुसतं ‘खरेदीची ऑर्डर’ असं नसतं. कुठल्या कंपनीची, कुठल्या गोदामाची आणि करायचं काय, हेही असतं. ०१ म्हणजे नवीन करणे, ०२ म्हणजे बदलणे, ०३ म्हणजे फक्त बघणे. प्रोग्राम चालताना मधेमधे थांबून विचारतो, या माणसाकडे या अटींची किल्ली आहे का? एक जरी अट जुळली नाही, तरी नकार.

म्हणून ‘कालपर्यंत चालत होतं’ हे वाक्य मी रोज ऐकतो आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. माणूस तोच, किल्ली तीच. दार बदललेलं असतं.

शोध कसा घ्यायचा

नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना पहिल्या दिवशी काही गोष्टी लिहून देतो. सॅप नसेल, दुसरं सॉफ्टवेअर असेल, तरी रीत तीच.

पहिली, संदेश शब्दशः मागा. ‘एरर येतोय’ हा संदेश नव्हे. पूर्ण पडद्याचा फोटो, वेळ आणि ते नेमकं काय करत होते, एवढं हवं.

दुसरी, अडल्याबरोबर, दुसरं काहीही न करता, त्याच माणसाने एसयू ५३ हा व्यवहार उघडावा. सर्वांत शेवटी नाकारलेली तपासणी तिथे दिसते. कुठली किल्ली मागितली, त्यावर काय अट हवी होती, माणसाकडे काय होतं, हे सगळं. पण ‘शेवटी’ या शब्दाकडे लक्ष ठेवा. मधे त्याने आणखी चार ठिकाणी क्लिक केलं, तर दिसेल ते चौथ्या ठिकाणचं.

तिसरी, एसयू ५३ वर समाधान होत नसेल तर ट्रेस लावा. माणसाला तेच काम पुन्हा करायला सांगा. प्रोग्रामने वाटेत विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर क्रमाने उतरतं. मग नकाराच्या ओळी बघा. सगळेच नकार दोषी नसतात. काही प्रोग्राम सहज चाचपून बघतात, नाही म्हटलं तर दुसऱ्या वाटेने जातात.

चौथी, ज्याचं काम होतंय अशा शेजाऱ्याशी तुलना करा. दोघांच्या जुडग्यांत फरक काय?

पाचवी, रोलची तारीख बघा. रोल ‘अमुक तारखेपर्यंत’ असा देता येतो आणि मुदत संपली की कुणाला न कळवता निघून जातो. रोल बदलल्यावर त्याचं प्रोफाइल नव्याने तयार झालं का, वापरणाऱ्याच्या खात्याशी त्याची जुळणी झाली का, हेही बघा. कागदावर किल्ली आहे पण हातात पोचलेली नाही, असं पुष्कळदा होतं. आणि शेवटी माणसाला बाहेर पडून परत आत यायला सांगा.

शहाणपण सांगणं सोपं असतं. त्या रात्री मी स्वतःच दुसऱ्या पायरीवर घसरलो. चेचीच्या खात्यातून एसयू ५३ उघडलं, तर त्यात प्रिंटरचा कुठलासा अधिकार नाकारलेला दिसला. तिने मला फोन करण्याआधी यादी छापून बघितली होती. मी पाऊण तास त्या प्रिंटरच्या मागे. साडेदहाला डोक्यात प्रकाश पडला आणि ट्रेस लावला.

उत्तर सरळ होतं. एक ऑगस्टला कंपनीने एक नवीन विभाग काढला होता आणि ६३ कामगारांची बदली त्यात झाली होती. माणसं तीच, कॅम्प तोच, बस तीच. कागदावर मात्र त्यांचा ‘पर्सोनेल एरिया’ बदलला. चेचीच्या किल्लीवर जुन्या विभागांची नावं होती, नव्याचं नव्हतं. मनुष्यबळाच्या माहितीसाठी सॅपमध्ये वेगळी तपासणी असते. पगाराचा प्रोग्राम एकेक कर्मचारी घेतो, बघणाऱ्याला त्याचा अधिकार आहे का विचारतो, नसेल तर त्याला गुपचूप बाजूला ठेवून पुढे जातो. त्यात सॉफ्टवेअरचं काही चुकलेलं नव्हतं. विभाग काढताना रोल बदलायला हवेत, हे आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही.

एक रात की बात

चूक सापडली. रोलमध्ये एक नाव वाढवायचं, एवढंच. पण पगाराच्या रोलचा मालक मी नव्हे, मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. त्यांच्या लेखी संमतीशिवाय त्यात बदल करायचा नाही, असा आमचा नियम. आणि साहेब कैरोच्या विमानात होते.

फायनान्स मॅनेजर ऑफिसातच थांबले होते. भला माणूस, लाहोरचा. सकाळी दहापर्यंत फाइल बँकेत जायला हवी, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. ते म्हणाले, “भाई, एक रात की बात है. इसको सब कुछ दे दो, सुबह निकाल लेना. तुम्हारी फ्लाइट भी है.”

‘सब कुछ’ म्हणजे सॅप ऑल. या नावाचं एक प्रोफाइल सॅपमध्ये तयारच मिळतं. त्यात जवळपास सगळ्या किल्ल्या. दोन मिनिटांत लावता येतं. मी लावलं असतं तर ४१२ माणसं दिसली असती आणि मी साडेअकराला घरी जाऊन, आंघोळ करून, एकच्या सुमारास विमानतळावर असतो.

खोटं कशाला बोलू, माझा हात कीबोर्डकडे गेला होता.

चेची म्हणाली, “मेरे को नहीं मंगता.”

मॅनेजरना वाटलं तिला समजलं नाही. ते समजावू लागले. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, नको. सगळं दिसलं की सगळ्यांचे पगार दिसणार. कुणाच्या बँक खात्याचा नंबर बदलता येणार आणि त्याच खात्यात पैसेही पाठवता येणार. उद्या एक दिरहॅम इकडचा तिकडे झाला, तर विचारतील, त्या रात्री सगळ्या किल्ल्या कोणाकडे होत्या? दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय मला.

खोलीत कुणी बोललं नाही. ती अगदी बरोबर बोलत होती. ज्याने पैसे घेणाऱ्याचं खातं उघडायचं, त्यानेच पैसे पाठवायचे नाहीत. ज्याने व्यवहार करायचा, त्यानेच तो तपासायचा नाही. हा नियम मोडल्यावर काय होतं, त्याच्या गोष्टी जगाला माहीत आहेत. बेअरिंग्ज ही १७६२ सालची ब्रिटिश बँक. तिच्या सिंगापूर कार्यालयात एकच माणूस सौदेही करत होता आणि सौद्यांच्या हिशेबावरही त्याचाच ताबा होता. १९९५ मध्ये ८२ कोटी पौंडांहून जास्त तोटा उघड झाला आणि बँक एका पौंडाला विकली गेली. आपल्या मुंबईत, फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतलं पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण २०१८ च्या फेब्रुवारीत बाहेर आलं. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्टवरून जात होते आणि ती यंत्रणा बँकेच्या मुख्य प्रणालीशी जोडलेलीच नव्हती. एका दाराने गेलेलं दुसऱ्या दाराच्या नोंदवहीत उतरत नव्हतं. आकडा तेरा हजार कोटींच्या पुढे गेला.

पण त्या क्षणी मला बेअरिंग्ज आठवली नाही, ब्रॅडी हाउसही नाही. मला मामू आठवले.

मामू

मी २०११ मध्ये आलो, तेव्हा कंपनीचं गोदाम अल कुसैसला होतं आणि तिथले स्टोअरकीपर खेड तालुक्यातले. कोकणी मुसलमान, वय पन्नाशीचं, इथे वीस वर्षं काढलेली. त्यांना सगळे मामू म्हणत. मी चिपळूणचा कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. देरात नवीन आलेल्या माणसाला तेव्हा खोलीत एक खाट मिळायची. माझी खाट मामूंनीच बघून दिली, बनियास चौकाच्या मागे. सुट्टीच्या दिवशी ते मला खोरकाठी न्यायचे. एक दिरहॅम देऊन अब्रात बसायचं, पलीकडे बर दुबईला जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. काठावर गलबतांतून उतरवलेला माल उघड्यावर पडलेला असायचा, टायर, फ्रीज, चहाच्या पेट्या, वर नुसती ताडपत्री. मामू म्हणायचे, “बघ, कुलूप नाय आणि चोरी पण नाय.”

गोदामातली प्रत्येक वस्तू त्यांना अंधारात हाताने ओळखता यायची. संगणकाशी मात्र त्यांचं जमलं नाही. इंग्रजी हळूहळू वाचायचे. म्हणून नोंदी करायला पोरं बसायची, मामूंच्याच नावाने आत जाऊन. पासवर्ड एका चिठ्ठीवर, चिठ्ठी कीबोर्डच्या खाली. चार जणांना तरी ठाऊक होता. पाचवा मी.

२०१५ च्या अखेरीला मालाची वार्षिक मोजणी चालू होती. मोजलेला आणि वहीतला माल यांतला फरक नोंदवायचा अधिकार मामूंच्या खात्याला नव्हता, असायलाही नको होता. रात्रीचे अकरा वाजले होते. ज्याला अधिकार होता तो रजेवर. मी त्यांच्या खात्याला एक मोठा रोल लावला. एका रात्रीसाठी. तारीख घातली नाही. सकाळी काढायचा होता, विसरलो.

आठ महिन्यांनी तांब्याच्या केबलची रिळं कमी भरली. वहीत सगळं जुळत होतं, कारण कुणीतरी वेळोवेळी ‘फरक’ नोंदवून ते जुळवलं होतं. मला बोलावून विचारलं, या नोंदी कुठल्या खात्यातून झाल्या? मी बघितलं. मामूंच्या. तसं सांगितलं.

मला विचारलं तेवढंच मी सांगितलं. त्यातल्या तीन नोंदी शुक्रवारी दुपारी झाल्या होत्या. तेव्हा शुक्रवार सुट्टीचा होता आणि मामू त्या वेळी नमाजला असणार, हे मला ठाऊक होतं. पासवर्ड चौघांना माहीत आहे, हेही. आणि तो रोल माझ्या हाताने लागलाय, हे तर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या संगणकावरून कोण आत आलं, हे टिपणारा लॉग आमच्याकडे तेव्हा चालूच केलेला नव्हता. म्हणजे पुरावा एकच, नाव. त्याच महिन्यात माझ्या बायकोचा व्हिसा निघायचा होता. मी गप्प बसलो.

पोलिसांत कुणी गेलं नाही. मामूंचा राजीनामा घेतला. व्हिसा रद्द झाला की देश सोडायला त्या काळी ३० दिवस मिळायचे. त्यांनी दहा दिवसांत आवरलं. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. त्यांनी मला खजुरांचा डबा दिला.

त्या रात्री

मी मॅनेजरना म्हणालो, “सर, मी सॅप ऑल लावणार नाही. थांबतो.” कारण सांगितलं नाही.

बसून राहायचं नव्हतं. चाचणीच्या प्रणालीत रोलमध्ये नवीन विभाग वाढवला, चाचणीचं खातं घेऊन पगाराची फाइल काढून बघितली, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवला. वगळलेल्या ६३ जणांची यादी वेगळी काढली आणि बदलीच्या आदेशाशी एकेक क्रमांक ताडला, की यात भलतं कुणी घुसलेलं नाही. संमतीचा मेल लिहून पाठवला; काय बदलणार, का, कोणासाठी, चार ओळींत. चेचीने मधे सुलेमानी केला. दोनच्या सुमारास मी एअरलाइनच्या ॲपवरून तिकीट बदललं, संध्याकाळचं घेतलं. फरकाचे पैसे बघून डोळ्यांपुढे अंधारी आली.

पावणेतीनला साहेबांचं विमान उतरलं. तीन वाजून दहा मिनिटांनी ‘मंजूर’ असा एका शब्दाचा मेल. बदल मुख्य प्रणालीत नेला, जुळणी चालवली, चेचीला बाहेर पडून परत आत यायला सांगितलं. तिने फाइल काढली. खालची पिवळी ओळ गेली होती. तिने डायरीत लिहिलं, ४१२.

पहाटे चालत घरी आलो तेव्हा डोक्यावरून एक विमान गेलं. माझंच असणार.

मंगळवारी रात्री मुंबईला उतरलो. कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं शक्यच नव्हतं. मुंबई–गोवा महामार्ग आणि गणपतीची गर्दी, याबद्दल लिहायला नको. घरी पोचलो तेव्हा प्रतिष्ठापना होऊन गेलेली, भावाने सगळं केलं होतं. आई काही बोलली नाही. मोदक झाकून ठेवले होते. संध्याकाळी आरतीला उभा राहिलो आणि खिशात फोन थरथरला. आरती झाल्यावर बघितलं. चेचीचा निरोप होता, “सबका आ गया.”

गौरी बसल्यावर दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि खेडला गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मामू ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. बरेच खंगलेत. “काय रे, कधी आलास?” जणू मी मागच्या आठवड्यात येऊन गेलो होतो. चहा झाला. मग मी सांगितलं. रोलचं, तारखेचं, शुक्रवारच्या नोंदींचं, सगळं. रोल म्हणजे काय हे त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. ‘किल्ली’ म्हटल्यावर कळलं.

ते बराच वेळ सुपारी सोलत राहिले. मग म्हणाले, “शुक्रवारचं तू सांगायला हवं होतंस.” थोड्या वेळाने म्हणाले, “चिठ्ठी मात्र मीच चिकटवली होती.”

याच्या पुढे त्या विषयावर ते बोलले नाहीत. मला माफ केलं असंही म्हणाले नाहीत आणि मी विचारलंही नाही.

दिरहॅम मोजणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक सांगतो. इथे आपलं खातं म्हणजे आपली सही. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की घर जातं. कुणी ‘तुझा पासवर्ड दे, मी करतो’ म्हटलं, तर नाही म्हणा. कुणी ‘तुला जास्तीचे अधिकार देतो’ म्हटलं, तर कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहून मागा. जुनं काम सुटलं, नव्या विभागात गेलात, तर जुन्या किल्ल्या परत घ्यायला सांगा. आपणहून कुणी घेत नाही. आणि माझ्यासारखे जे किल्ल्या सांभाळतात, त्यांनी विचारलं तेवढंच सांगून थांबू नये.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं, ते तारीख नसलेल्या मोठ्या अधिकारांची यादी काढण्याचं. अकरा निघाले. त्यातले तीन मी स्वतः दिलेले होते. आता एकही नाही.

निघताना मामूंचा नातू फोन घेऊन आला. गॅसच्या सिलिंडरचे पैसे भरायचे होते. “आजोबा, पिन सांगा, मी भरतो.” मामूंनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, पोराकडे पाठ फिरवली आणि एकेक आकडा शोधत स्वतः दाबला. पहिल्या वेळी चुकला. दुसऱ्यांदा बरोबर आला.